क्रेडिट कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराचे नेमके किती कापले जातात, आणि का?

प्रश्न – भांडीविक्रेता, सातारा

नमस्कार. साताऱ्यात आमचे स्टील, तांबे आणि पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. दुकान वडिलांनी सुरू केले आणि गेली सहा वर्षे मी ते पाहतो. वर्षाची उलाढाल साधारण नव्वद लाख रुपये असून आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) आहोत. तीन वर्षांपूर्वी बँकेकडून कार्ड स्वाइप करण्याचे मशीन घेतले, तेव्हा बँकेच्या प्रतिनिधीने ‘दीड-दोन टक्के जातील’ एवढेच सांगितले होते आणि मीही करारावर सही करून मोकळा झालो.

आमच्याकडे रुखवतासाठी भांड्यांचा एक ठरावीक संच २०,००० रुपयांना मिळतो. यंदाच्या लग्नसराईत एकाच आठवड्यात चार कुटुंबांनी हा संच नेला आणि चौघांनीही कार्डाने पैसे दिले. बँकेचा उतारा पाहिला तेव्हा या चार विक्रींचे पैसे चार वेगवेगळ्या आकड्यांनी जमा झालेले दिसले. एका विक्रीचे पूर्ण २०,००० रुपये आले, दुसरीचे १९,७८७.६० रुपये, तिसरीचे १९,५७५.२० रुपये आणि चौथीचे अवघे १९,४१० रुपये. वस्तू तीच, किंमत तीच, मशीनही तेच असताना चौथ्या विक्रीत ५९० रुपये का जावेत, हे मला कळेना. स्टीलच्या मालात आम्हाला सगळे मिळून दहा-बारा टक्के सुटतात आणि त्यातून भाडे, वीज आणि कामगारांचे पगार भागवायचे असतात, त्यामुळे हा आकडा आमच्यासाठी लहान नाही.

बाजारपेठेतील काही दुकानदार कार्डाने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून सरळ दोन टक्के जास्त घेतात. मीही तसे करावे का, की मशीनच परत करावे, अशा विचारात आहे. त्याआधी हा पैसा जातो कुठे हे नीट समजून घ्यावे असे वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – निवृत्त बँक अधिकारी, पुणे

आपण चारही आकडे नेमके दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. बँकेतील माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षे दुकानदारांना मशीन देणाऱ्या विभागात गेली, आणि आपला हाच प्रश्न मी शेकडो दुकानदारांकडून ऐकला आहे. दुर्दैवाने मशीन बसवताना त्याचे उत्तर त्यांना क्वचितच कोणी दिलेले असे.

या कपातीला बँकेच्या भाषेत मर्चंट डिस्काउंट रेट किंवा एमडीआर म्हणतात. एकाच दुकानात तो विक्रीगणिक बदलतो, तो गिऱ्हाइकाच्या हातातील कार्डामुळे. ज्या विक्रीचे पूर्ण २०,००० रुपये आले ते रुपे डेबिट कार्ड असणार, कारण १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. दुसऱ्या विक्रीत १८० रुपये अधिक त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३२.४० रुपये गेले आहेत. १८० रुपये म्हणजे २०,००० रुपयांचे बरोबर ०.९० टक्के, म्हणजेच ते व्हिसा किंवा मास्टरकार्डचे डेबिट कार्ड असावे. रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबर २०१७ रोजी काढलेल्या आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या परिपत्रकानुसार, आदल्या आर्थिक वर्षात २० लाख रुपयांपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून मशीनवरील डेबिट कार्डाच्या व्यवहाराला जास्तीत जास्त ०.९० टक्के आणि एका व्यवहाराला फार तर १,००० रुपये घेता येतात. उलाढाल २० लाखांच्या आत असती, तर हीच मर्यादा ०.४० टक्के आणि २०० रुपये झाली असती. क्यूआर कोडवर घेतलेल्या डेबिट कार्डाच्या व्यवहारासाठी दोन्ही टक्केवारी आणखी ०.१० ने कमी आहेत.

तिसरी आणि चौथी विक्री क्रेडिट कार्डाची आहे. तिसऱ्या विक्रीत १.८० टक्के म्हणजे ३६० रुपये आणि त्यावरील जीएसटीचे ६४.८० रुपये, तर चौथ्या विक्रीत २.५० टक्के म्हणजे ५०० रुपये आणि जीएसटीचे ९० रुपये कापले गेले. आपल्या नाराजीचे मूळ इथे आहे, कारण डेबिट कार्डासारखी कोणतीही कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डासाठी घातलेली नाही. तो दर दुकानदार आणि मशीन देणारी बँक यांच्यातील कराराने ठरतो आणि दीडपासून तीन टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो.

आता पैसा जातो कुठे ते पाहू. गिऱ्हाइकाने कार्ड लावल्यावर मशीनकडून निरोप आपल्या बँकेकडे, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून गिऱ्हाइकाच्या बँकेकडे जातो आणि मंजुरी घेऊन दोन-तीन सेकंदांत परत येतो. नंतर हिशेब होतो तेव्हा पैसे याच वाटेने उलट येतात आणि वाटेत प्रत्येक जण आपला वाटा ठेवून घेतो. सर्वांत मोठा वाटा, ज्याला इंटरचेंज म्हणतात, तो कार्ड देणाऱ्या बँकेचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेचा असतो. त्यानंतर कार्डाचे जाळे चालवणाऱ्या कंपनीचे लहानसे शुल्क जाते, आणि जे उरते ते आपल्याला मशीन देणाऱ्या बँकेचे. उदाहरणादाखल समजा, की आपल्या ३६० रुपयांतील २८० रुपये गिऱ्हाइकाच्या बँकेला आणि २० रुपये जाळ्याला गेले. मग ज्या बँकेवर आपण रागावला आहात तिच्या हाती ६० रुपयेच उरतात, आणि मशीन, त्याची दुरुस्ती, कागदाचे रोल, दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे जमा करण्याची जबाबदारी आणि फसवणुकीची जोखीम हे सगळे त्यातूनच सांभाळावे लागते.

गिऱ्हाइकाच्या बँकेला एवढे का मिळावे, यावर मते वेगळी असू शकतात, पण त्यामागची कारणे समजून घेतली पाहिजेत. डेबिट कार्डात पैसे आधीच खात्यात असतात. क्रेडिट कार्डात मात्र ती बँक आपल्याला पैसे लगेच देते आणि गिऱ्हाइकाकडून ४५-५० दिवसांपर्यंत बिनव्याजी थांबते, आणि त्याने बिल बुडवले तरी ती रक्कम आपल्याकडे परत मागत नाही. व्यवहार नियमाप्रमाणे झालेला असेल तर ते नुकसान तिचेच असते. थोडक्यात, आपण गिऱ्हाइकाला उधारीवर माल दिला असता तर जे ओझे आपल्यावर पडले असते ते बँकेने उचलले, आणि त्याची किंमत इंटरचेंजमध्ये धरलेली असते. याखेरीज गिऱ्हाइकाला मिळणारे रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरील विश्रांतिकक्षासारख्या सवलतींचा मोठा भाग याच पैशातून येतो. प्रीमियम कार्डे, कंपन्यांच्या नावाची व्यावसायिक कार्डे आणि परदेशात काढलेली कार्डे यांवरचे इंटरचेंज म्हणूनच जास्त असते. आपले चौथे गिऱ्हाईक बहुधा अशाच एखाद्या प्रकारचे कार्ड घेऊन आले होते.

आता मला जे महत्त्वाचे वाटते ते सांगतो. आपल्या बँकेला इंटरचेंज कमी करता येत नाही, कारण तो तिच्याही हातातला विषय नाही. घासाघीस होऊ शकते ती तिच्या स्वतःच्या वाट्यावर आणि मशीनच्या भाड्यावर. त्यामुळे ‘दर कमी करा’ असे मोघम सांगण्याऐवजी कार्डाच्या प्रकारानुसार दरांचा लेखी तक्ता मागा. अनेक बँका सर्व क्रेडिट कार्डांना एकच सरासरी दर लावतात. तो समजायला सोपा असतो, पण ज्याच्याकडे बहुतेक साधी कार्डे येतात असा दुकानदार त्यात नकळत जास्त भरतो. आपल्याकडे दोन वेगळे दर लागलेले दिसतात, म्हणजे आपला करार प्रकारानुसार दरांचा आहे आणि सौदा करण्यासाठी ही चांगली बाजू आहे.

उत्तर – करसल्लागार, सांगली

वरील उत्तर अत्यंत उपयुक्त आहे. कराच्या बाजूने मी काही गोष्टी जोडतो, कारण प्रश्नकर्ते कंपोझिशन योजनेत आहेत आणि त्यामुळे त्यांचा हिशेब इतरांपेक्षा वेगळा पडतो.

नियमित जीएसटी भरणारा दुकानदार एमडीआरवरील १८ टक्के कराचे इनपुट क्रेडिट घेऊ शकतो, म्हणजे तो कर स्वतःच्या जीएसटीतून वजा करू शकतो, त्यामुळे त्याच्यासाठी १.८० टक्के हा खरोखर १.८० टक्केच राहतो. कंपोझिशनमधील दुकानदाराला ते क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे आपला खरा खर्च १.८० नव्हे तर २.१२४ टक्के आहे आणि प्रीमियम कार्डावर तो २.९५ टक्के होतो. यात एक सवलत आहे. कार्डाचा एकच व्यवहार २,००० रुपयांपर्यंतचा असेल तर बँकेच्या या सेवेवर जीएसटी लागत नाही. म्हणजे कोणी १,८०० रुपयांचा कुकर घेतला तर १.८० टक्क्यांनी फक्त ३२.४० रुपये जायला हवेत. उतारा तपासताना अशी लहान बिले पाहा आणि त्यांवर कर कापलेला दिसला तर बँकेला विचारा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपण विक्रीची नोंद कशी करता? अनेक लहान दुकानदार बँकेत जी रक्कम आली तीच विक्री म्हणून वहीत लिहितात. ती चूक आहे. गिऱ्हाइकाने २०,००० रुपये दिले तर विक्री २०,००० रुपयांचीच, आणि कापलेले ४२४.८० रुपये हा बँक शुल्काचा वेगळा खर्च. कंपोझिशनमध्ये व्यापाऱ्याचा एक टक्का कर पूर्ण उलाढालीवर असतो, त्यामुळे निव्वळ रक्कम लिहिली तर दर तिमाहीच्या सीएमपी-०८ या जीएसटी विवरणात उलाढाल कमी दाखवली जाते. कराचा फरक काही शे रुपयांचाच असेल, पण मशीनच्या नोंदी आणि विवरणपत्र यांत तफावत दिसली तर खुलासा आपल्याला करावा लागतो. असे झाले असेल तर जीएसटीआर-४ हे वार्षिक विवरणपत्र भरण्याआधी आपल्या सल्लागाराकडून दुरुस्त करून घ्या. या शुल्कावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापण्याची चिंता मात्र नको. दुकानदार आणि मशीन देणारी बँक यांच्यातील कार्ड कमिशनला २०१३ पासून त्यातून सूट आहे.

मशीन परत करण्यापूर्वी आयकराचाही विचार करावा. दोन कोटींच्या आतील उलाढालीचा व्यापारी अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीखाली विवरणपत्र भरत असेल, तर रोख विक्रीवर किमान आठ टक्के उत्पन्न धरले जाते, तर बँकेमार्फत किंवा कार्डाने आलेल्या रकमेवर किमान सहा टक्के. म्हणजे २०,००० रुपयांची विक्री रोखीत झाली तर १,६०० रुपये आणि कार्डावर झाली तर १,२०० रुपये उत्पन्न धरले जाते. त्यातून वाचणारा कर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यावर अवलंबून आहे आणि तो एमडीआरची पूर्ण भरपाई करील असे मी म्हणणार नाही, पण तुलनेत तो धरला पाहिजे. या तरतुदीखाली एमडीआर वेगळा खर्च म्हणून वजा करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

उत्तर – घरगुती उपकरणांचा विक्रेता, नाशिक

गिऱ्हाइकाकडून दोन टक्के वरून घेण्याच्या विचाराबद्दल मी अनुभवाने लिहितो, कारण मी तेच केले आणि पस्तावलो.

आमच्याकडे मिक्सर, फ्रीज आणि धुलाई यंत्रे आहेत. बिल मोठे असल्याने कार्डाचे प्रमाण जास्त असते. काही वर्षांपूर्वी मी गल्ल्यापाशी ‘कार्डावर दोन टक्के अधिक’ अशी पाटी लावली होती. एका गिऱ्हाइकाने मुकाट्याने पैसे दिले, पावतीचा फोटो काढला आणि आपल्या बँकेकडे तक्रार केली. आठवडाभरात मला मशीन देणाऱ्या बँकेचे पत्र आले, की करारातील अटीचा भंग झाला असून ही वसुली थांबवली नाही तर मशीन बंद केले जाईल. करार काढून वाचला, तर अट स्पष्ट लिहिलेली होती. सही करताना मीच वाचली नव्हती. डेबिट कार्डाच्या बाबतीत तर दुकानदाराने हे शुल्क गिऱ्हाइकावर टाकू नये याची खात्री करण्यास रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेले आहे. त्या गिऱ्हाइकाचे पैसे मी परत केले, पण तो पुन्हा आमच्या दुकानात आला नाही.

मला त्याहून जास्त लागले ते वेगळेच. दोन टक्के वाचवण्याच्या नादात मी गिऱ्हाइकाला नोटा मोजायला लावत होतो, आणि ज्याच्या खिशात एवढ्या नोटा नाहीत तो समोरच्या मोठ्या दालनात जात होता. पाटी काढल्यानंतर कार्डावरची विक्री वाढली, आणि वाढलेल्या विक्रीत महाग वस्तूंचा वाटा जास्त होता. म्हणून माझा आग्रह आहे, की किंमत ठरवतानाच हा खर्च सगळ्या मालावर थोडा थोडा धरावा.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांत नवखा दुकानदार हमखास अडकतो. माल परत आला आणि विक्री त्याच दिवशीची असेल, तर रात्री बॅच (मशीनवरचा दिवसभराचा हिशेब) बंद करण्यापूर्वी मशीनवरून तो व्यवहार व्हॉइड म्हणजे रद्द करा, म्हणजे शुल्क लागतच नाही. बॅच बंद झाल्यावर परतावा द्यावा लागला, तर मूळ शुल्क परत मिळेलच असे नाही. आमच्या बँकेने ते दिले नाही. आणि कार्डावर विकलेल्या मालाचे पैसे काही झाले तरी रोख परत देऊ नका. परतावा त्याच कार्डावर गेला पाहिजे. रोख घेऊन गेलेला माणूस नंतर बँकेत ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असे सांगू शकतो, आणि मग बँक ती रक्कम आपल्या खात्यातून काढून घेते.

उत्तर – वाचक, अ‍ॅमस्टरडॅम

मी मूळचा कराडचा असून नेदरलँड्समध्ये राहतो आणि माझी पत्नी इथे एक लहान किराणा दुकान चालवते, त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचा आहे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये नियम करून ग्राहकांच्या कार्डांवरील इंटरचेंजच बांधून टाकले. ९ डिसेंबर २०१५ पासून ते डेबिट कार्डाला जास्तीत जास्त ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के आहे. कंपन्यांची व्यावसायिक कार्डे मात्र या मर्यादेत येत नाहीत. पुढे २०१८ पासून अशा ग्राहक-कार्डांवर गिऱ्हाइकाकडून वेगळे शुल्क घेण्यालाही बंदी आली. याचा दुसरा परिणाम असा, की भारतातील कार्डांवर मिळतात तसे भरघोस रिवॉर्ड पॉइंट इथे सहसा पाहायला मिळत नाहीत. माझ्या मते ते योग्यच आहे. एका गिऱ्हाइकाच्या विमानतळावरच्या सवलतीचा खर्च साताऱ्यातील भांड्यांच्या दुकानदाराने का उचलावा, या प्रश्नाचे पटेल असे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

उत्तर – निवृत्त बँक अधिकारी, पुणे

अ‍ॅमस्टरडॅमच्या वाचकांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. सवलतींचा खर्च दुकानदारावर पडतो हे खरे आहे, आणि निदान लहान दुकानदारांसाठी तरी क्रेडिट कार्डाच्या दरावर मर्यादा यावी असे मलाही वाटते. मात्र भारतात अनेक कुटुंबांच्या हाती पहिले क्रेडिट कार्ड आत्ता कुठे पडते आहे. मर्यादा एकदम ०.३ टक्क्यांवर आणली तर बँका नव्या, कमी उत्पन्नाच्या अर्जदारांना कार्ड देण्यात हात आखडता घेतील, ही भीती मी नोकरीत असताना ऐकली आहे आणि ती निराधार नाही.

साताऱ्याच्या मित्रांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. गिऱ्हाईक आपला क्यूआर कोड स्कॅन करते तेव्हा पैसे बँक खात्यातून आले की क्रेडिट कार्डावरून, हे दुकानदाराला लगेच कळत नाही. लहान दुकानदारांना २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क नाही, पण त्यावरच्या रकमेला ते लागू शकते. ‘यूपीआय म्हणजे फुकट’ हे आता सरसकट खरे राहिलेले नाही, म्हणून क्यूआरचा उताराही तपासत जा.

प्रतिसाद – भांडीविक्रेता, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे वाचून मी गेल्या आर्थिक वर्षाचे बारा महिन्यांचे उतारे घेऊन तीन रात्री बसलो आणि कार्डाचा प्रत्येक व्यवहार प्रकारानुसार वेगळा काढला.

वर्षभरात कार्डांवर साधारण १४ लाख रुपयांची विक्री झाली. त्यातील ७ लाख साध्या क्रेडिट कार्डांवर, २ लाख प्रीमियम आणि व्यावसायिक कार्डांवर, ३ लाख व्हिसा आणि मास्टरकार्डच्या डेबिट कार्डांवर आणि २ लाख रुपे डेबिट कार्डांवर. जीएसटी धरून साध्या क्रेडिट कार्डांवर १४,८६८ रुपये, प्रीमियम कार्डांवर ५,९०० रुपये आणि डेबिट कार्डांवर ३,१८६ रुपये गेले, म्हणजे एकूण २३,९५४ रुपये. दोन हजारांच्या आतील कार्डाची बिले मोजकीच असल्याने त्यांच्यावरील करसवलत मी वेगळी धरलेली नाही. मशीनचे भाडे महिना ४०० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे वर्षाचे ५,६६४ रुपये. हे भाडे मी आजवर कधी या हिशेबात धरलेच नव्हते. सगळे मिळून २९,६१८ रुपये झाले. कार्डावरच्या विक्रीच्या तुलनेत हा खर्च सव्वादोन टक्क्यांच्या आत आहे, आणि दुकानाच्या पूर्ण नव्वद लाखांवर पसरवला तर एक तृतीयांश टक्का. एका विक्रीचे ५९० रुपये पाहून मशीन परत करायला निघालो होतो, तो विचार मी सोडला आहे. वरून दोन टक्के घेण्याचाही प्रश्न उरला नाही. माझ्याही करारात नाशिकच्या दादांनी सांगितलेली अट सापडली.

करसल्लागार साहेबांची शंका खरी ठरली. आमच्या वहीत तीन वर्षे बँकेत आलेली निव्वळ रक्कमच विक्री म्हणून लिहिली जात होती. चालू वर्षाच्या नोंदी दुरुस्त करायला घेतल्या आहेत आणि मागील वर्षांबद्दल आमच्या सल्लागारांशी बोलणे सुरू आहे.

काल हा तक्ता घेऊन बँकेत गेलो. शाखेतील अधिकाऱ्यांनी आधी ‘दर ठरलेला असतो’ असे सांगितले. मी फक्त त्यांच्या वाट्याबद्दल आणि भाड्याबद्दल बोलतो आहे असे म्हटल्यावर त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. महिन्याला किमान एक लाख रुपयांची कार्ड विक्री राहील तोवर भाडे माफ, आणि साध्या क्रेडिट कार्डाचा दर १.८० वरून १.६५ टक्के, असे त्यांनी ईमेलवर लेखी दिले. प्रीमियम कार्डाचा दर त्यांनी एक पैशानेही कमी केला नाही, आणि पुण्याच्या साहेबांचे उत्तर वाचलेले असल्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. भाड्याचे ५,६६४ आणि दरातील फरकाचे १,२३९ असे वर्षाला ६,९०३ रुपये वाचतील. उन्हाळा संपल्यावर विक्री मंदावते, तेव्हा एक लाखाची अट कोणत्या महिन्यांत सुटू शकते हे आता मागच्या उताऱ्यांवरून काढतो आहे.